न्यायाधीशाच्या दारातली विधवा

(स्मृतिव्याख्यानमालेत डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात वाशीम इथं दिलेलं व्याख्यान)



नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्या मधला हा आठवडा आम्हा ख्रिस्ती लोकांकडे हिशेबाचा असतो. एकतीसच्या रात्री उपासनेला सगळी मंडळी जमते आणि एकेक जण उभा राहून साक्ष देतो. देवानं वर्षभरात काय दिलं, कुठल्या दुखण्यातून उठवलं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं. लहानपणापासून मी या साक्षी ऐकत आले आहे आणि त्या मला मनापासून आवडतात. पण त्यात एक साक्ष मी अजून ऐकलेली नाही. ‘यंदा मी नवऱ्याविरुद्ध अर्ज केला आणि त्या दिवशी देव माझ्यासोबत होता’ असं म्हणत एखादी बाई उभी राहिलेली मी पाहिली नाही. तसं काही घडत नाही असं नाही. अर्ज होतात; त्यातले काही मीच लिहिले आहेत. पण आजारातून सुटणं ही देवाची कृपा आणि मारातून सुटणं ही घराची बदनामी, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे. आज मी बोलणार आहे ते या ठरवून टाकण्याबद्दल.

संयोजकांनी मला विषय दिला ‘श्रद्धा आणि चळवळ’. मी वाशीमच्या कोर्टात मुख्यतः कौटुंबिक प्रकरणं चालवते, मंडळीची सभासद आहे आणि बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या मैत्रिणींबरोबर पुष्कळ फिरले आहे. या तिन्ही ठिकाणी मला प्रश्न विचारले जातात. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, ‘ताई, लग्न देवासमोर लागलं, त्यात कोर्ट कशाला आणता?’ चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतात, ‘धर्मानंच बायकांना दाबलं हे रोज बघतेस, तरी रविवारी उपासनेला जातेस?’ आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी हळूच विचारतं, ‘मॅडम, तुम्ही ख्रिश्चन. आमच्या घरातल्या भांडणात तुमचा हेतू काय?’ तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत असं धरून मी चालते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. एका गावचा न्यायाधीश बेदरकार असतो, देवाला मानत नाही, लोकांना जुमानत नाही. त्याच्या दारी एक विधवा येते आणि दाद मागते. तो लक्ष देत नाही. ती पुन्हा येते, पुन्हा पुन्हा येते. शेवटी तिच्या येण्यालाच तो कंटाळतो आणि तिचा निकाल लावतो. येशूनं ही गोष्ट सांगितली ती प्रार्थना कशी करावी हे समजावण्यासाठी. मला यातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे, की प्रार्थनेचा नमुना म्हणून त्यानं मंदिरात डोळे मिटून बसलेला माणूस निवडला नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी बाई निवडली. या गोष्टीवर मी आजवर जी प्रवचनं ऐकली ती शेवटी सोशीकपणावर येऊन थांबतात. त्या विधवेजवळ सोशीकपणा नव्हता, चिकाटी होती. सोसायचंच असतं तर ती घरी बसली असती.

बायबलमध्ये याहून जुनी आणखी एक गोष्ट आहे, आमच्याकडे ती फारशी सांगितली जात नाही. गणना या पुस्तकात सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुली येतात. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून बापाचा वाटा दुसऱ्यांकडे जाणार. पाचही जणी मोशेपुढं, सगळ्या सरदारांपुढं आणि सगळ्या समाजापुढं जाऊन उभ्या राहतात आणि विचारतात, आमचा वाटा का नाही? मोशे तो प्रश्न देवापुढं नेतो आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. त्यांना तर वाटा मिळतोच, वर सगळ्यांसाठी नियम बदलतो. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पाचही जणींची नावं लिहून ठेवलेली आहेत. धर्मग्रंथाचा हवाला देऊन मुलीचा वाटा नाकारणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

केरळच्या मेरी रॉय यांनी हेच केलं. त्रावणकोरच्या 1916च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती बाप मृत्युपत्र न करता वारला, तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 साली जिंकल्या. त्यांच्या बाजूनं किती देवळांत प्रार्थना झाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता आपल्या जिल्ह्यात येते. माझ्याकडे येणाऱ्या बायका कागद घेऊन येतात ते बहुतेक वेळा बियाण्याच्या किंवा कापडदुकानाच्या पिशवीत. रिसोडकडची एक बाई आली होती. तिच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलाच्या शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी आणि चार घड्या घातलेली लग्नपत्रिका होती. पत्रिकेची हळद अजून गेली नव्हती. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून ती पत्रिका आम्ही कोर्टात लावतो. जिच्यावर दोन्ही घरांची नावं सोनेरी अक्षरांत छापलेली, तोच कागद पोटगीच्या अर्जाला जोडावा लागतो. मी तिला विचारलं, नेमकं काय पाहिजे? ती म्हणाली, ‘मले घर नाही मोडाचं बाई. मले मार बंद कराचा हाय.’

कुटुंबाच्या प्रश्नावरचं माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे. मंडळीतले वडीलधारे समजतात की कोर्टात येणारी बाई घर मोडायला येते. माझा अनुभव असा, की दहातल्या आठनऊ जणींना घर हवं असतं; त्या घरात त्यांना माणूस म्हणून राहायचं असतं. 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, तो याच बायकांचं ऐकून तयार झालेला कायदा आहे. घटस्फोट न मागता ती संरक्षण मागू शकते, राहत्या घरातून तिला हाकलता येत नाही, खर्चाला पैसे मागता येतात, मुलांचा ताबा मागता येतो. घर नवऱ्याच्या नावावर असो नाहीतर सासऱ्याच्या, ती ज्या घरात नांदली तिथं तिला राहण्याचा हक्क आहे. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते इथं बसलेल्या काही जणींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या विधवेची चिकाटी इथं उपयोगी पडते.

मग श्रद्धेनं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? मला वाटतं कुटुंब वाचवायचं म्हणजे त्या कुटुंबातलं जे माणूस सर्वांत दुबळं आहे ते वाचवायचं. ते वाचलं तर कुटुंब वाचलं. भिंती, नाव, इभ्रत, देव्हारा किंवा भिंतीवरचा क्रूस जागच्या जागी राहिला आणि आतली बाई किंवा पोर संपलं, तर काय वाचलं? हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून शिकले नाही. महाराष्ट्रातल्या एका बाईकडून शिकले आणि आज थोडं सविस्तर तिच्याबद्दल बोलणार आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात अर्धा परिच्छेद असतो. पण कुटुंब या गोष्टीनं रमाबाईंना काय दिलं आणि काय हिरावलं ते बघा. 1858 साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, त्या आईनं लेकीला शिकवलं. म्हणजे तिच्या विद्येचा उगम एका घरात आहे, एका नवराबायकोच्या नात्यात आहे. मग दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि ती पायी देशभर फिरले. 1878 साली कलकत्त्यात पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिनं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं. दोन वर्षंही पुरती झाली नाहीत तोच फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. हातात वर्षाच्या आतली मनोरमा. तेविसाव्या वर्षी या बाईची आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळी नाती जाळून झालेली होती. अशी बाई पुण्याला येते आणि लगेच आर्य महिला समाज काढते, हंटर आयोगापुढं साक्ष देते आणि सांगते की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, कारण त्या पुरुषाला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात.

1883 मध्ये ती इंग्लंडला गेली आणि तिथं वाँटेजला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथं आमच्या लोकांनी थांबू नये. आमच्याकडे रमाबाईंची गोष्ट बाप्तिस्म्यापाशी संपते आणि बाकीच्या महाराष्ट्रात पुष्कळांसाठी ती तिथंच बिघडते. खरी गोष्ट पुढं आहे. ज्या इंग्रज धर्मभगिनींनी तिला आसरा दिला, त्यांच्याशी ती श्रद्धेच्या एकेका मुद्द्यावर वाद घालत राहिली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात ती पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं ठरू लागलं तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. तिनं त्यावर गप्प बसणं नाकारलं. शाकाहार सोडला नाही. आपली विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती दिलेली नाही, हा तिच्या त्या काळातल्या पत्रांचा सूर आहे. ख्रिस्ती झाली, पण कुणा पाद्र्याची अंकित झाली नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी रुग्णालयात बायकांची काय दशा होते यावर तिनं वर्तमानपत्रात उघड लिहिलं. गव्हर्नरांनी ते नाकारलं. इंग्रज सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, तरी ती सरकारच्या बाजूला गेली नाही. ज्यांना वाटतं की श्रद्धा माणसाला सत्तेपुढं नमवते, त्या माझ्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांचा पुढं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांच्या घराची सुरुवात रमाबाईंच्या सदनातून झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ख्रिस्ती बाईच्या सदनातली हिंदू विधवा आपला धर्म न सोडता नवं घर वसवते, आणि त्या घरातून महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा एक मोठा प्रवाह निघतो.

आणि त्याच वर्षी वादळ उठलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. केसरीनं कडाडून टीका केली. सल्लागार मंडळावरचे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही. माझ्या खोलीत मी प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणी येऊन बसलं तर हाकलत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या त्या तिसऱ्या प्रश्नाला मी इथं उत्तर देते. रमाबाईंबद्दल मला नितांत आदर आहे आणि त्यांचं दार बंद करा म्हणणाऱ्यांपेक्षा मी त्यांच्या बाजूची आहे. आपल्या घरात, आपल्या खोलीत उघड्या दारानं प्रार्थना करण्याचा हक्क त्यांना होताच. पण रानड्यांची अडचणही मला समजते. ज्या मुलीला जायला दुसरं घरच नाही, तिच्यासाठी आश्रयदातीच्या खोलीचं उघडं दार हे नुसतं उघडं दार राहत नाही. तिच्यावर त्याचं वजन पडतं, कुणी ते टाकलं नसलं तरी. वकिलाच्या खुर्चीत बसल्यावर हे वजन मला रोज जाणवतं. म्हणून मी माझ्या पक्षकाराला उपासनेचं आमंत्रण देत नाही. तिनं विचारलं तर सांगते, लपवत काही नाही, टेबलावर बायबल असतं. पण तिची गरज आणि माझा विश्वास यांच्यात देवघेव होऊ देत नाही. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यातला एकच परत आला, तरी उरलेल्या नऊ जणांचं दुखणं परत लावलं नाही. माझ्या श्रद्धेनुसार मदतीला अट जोडली की ती मदत राहत नाही. मी मदतीला येते कारण मी ख्रिस्ती आहे. तू ख्रिस्ती व्हावीस म्हणून मी येत नाही. व्हरांड्यातल्या त्या भावाला माझं एवढंच उत्तर आहे.

रमाबाई पुढं केडगावला गेल्या आणि तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या. लहानपणी आपली माणसं उपासमारीनं मेलेली पाहिलेल्या बाईला दुष्काळ कुणी सांगावा लागला नसेल. तिकडून त्यांनी सुमारे तीनशे बायकामुली आणल्या. मग 1899-1900चा तो मोठा दुष्काळ आला. गुजरातपासून आपल्या वऱ्हाडापर्यंत सगळा मुलूख त्यात होरपळला. तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हाच होता. 1905 मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा निघाला. 1900च्या सुमाराला केडगावात दोन हजारांच्या आसपास बायकामुलं होती. तिथं त्या विणायला शिकल्या, घाणा चालवायला, गुरं सांभाळायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणायचा अशा बायकांसाठी कृपा सदन काढलं. आणि या सगळ्याच्या जोडीला रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. दुष्काळातून आलेल्या, काल अक्षर न ओळखणाऱ्या मुलींनी त्या बायबलचे खिळे जुळवले. मी तो छापखाना डोळ्यांसमोर आणते: शिशाचे बारीक टाईप, एकेक मात्रा, वेलांटी चिमटीनं उचलून ओळीत लावणारी पोर, जिला घरानं टाकलं होतं. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, एप्रिल 1922 मध्ये रमाबाई. संपूर्ण बायबल त्यांच्या मागून 1924 मध्ये पुरं प्रसिद्ध झालं.

केडगावला कुटुंब होतं की नव्हतं? रक्ताचं नव्हतं. पण मला विचाराल तर त्या काळच्या कित्येक वाड्यांपेक्षा ते जास्त कुटुंब होतं.

रमाबाईंनी हंटर आयोगापुढं बाई डॉक्टर मागितली. ती मागणी वाशीमच्या वाटेला यायला पन्नासएक वर्षं लागली. 1930च्या दशकात नाझरीन मिशननं इथं काम घेतलं आणि डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईनं जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखाना सुरू केला, तोच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. त्या जवळपास चार दशकं इथं राहिल्या. सभागृहातल्या किती जणांच्या आज्या तिथं बाळंत झाल्या असतील! परिचारिका होऊन बाहेर पडलेल्या मुली त्यांच्या घराण्यात पगार आणणाऱ्या पहिल्या बायका होत्या. पगार आणणाऱ्या बाईशी घरात लोक वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी लहानपणी आमच्याच गल्लीत पाहिलं. ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आज आपण जमलो त्याही अशाच पिढीतल्या. कुणाच्या अंगावरचे वळ दिसले तर त्या मलम लावून थांबत नसत, ‘कोणी केलं?’ असं विचारत. त्या काळी हे विचारणंसुद्धा धाडस होतं.

कायद्याबद्दल आणखी एक गोष्ट, खास ख्रिस्ती बांधवांसाठी. आमच्याकडे असं समजतात की घटस्फोट, पोटगी हे सगळं बाहेरून आलं. आपला 1869चा घटस्फोट कायदा इंग्रजांनी केलेला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असं दुसरं काहीतरी शाबीत करावं लागायचं. म्हणजे नवऱ्यानं नुसतं हाडं मोडेपर्यंत मारलं, पण बाहेर दुसरी बाई नसली, तर ख्रिस्ती बाईला सुटका नव्हती. इतकंच काय, बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची तरतूद नवऱ्याला होती, जणू त्याची मालमत्ता कुणी नासवली. खालच्या कोर्टानं हुकूमनामा दिला तरी तो कायम करायला उच्च न्यायालयात जावं लागे. हे सगळं स्वतंत्र भारतात अर्धशतक चाललं.

हे बदललं कुणी? ख्रिस्ती बायकांनीच. दिल्लीच्या जॉइंट वीमेन्स प्रोग्रामसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पंथांच्या चर्चना एका टेबलाशी बसवलं, मसुदे केले, सरकारदरबारी खेटे घातले. मुंबईत फ्लाविया अ‍ॅग्नेस या स्वतः मार खाल्लेल्या ख्रिस्ती बाईनं कायदा शिकून ‘मजलिस’ उभी केली. तिथं धर्म न बघता बायकांना वकील मिळाला. 1995 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं आणि 1997 मध्ये प्रगती वर्गीस यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं तो भेदभाव रद्द केला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बाईला नुसत्या क्रूरतेवर दाद मागता येऊ लागली ती तेव्हापासून. 2001 मध्ये संसदेनं कायदाच सुधारला, परस्परसंमतीनं घटस्फोट आला, नुकसानभरपाईचं ते लाजिरवाणं कलम गेलं. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया संहितेतली पोटगीची पाचशे रुपयांची मर्यादाही उठली, ती सर्व धर्मांच्या बायकांसाठी. म्हणून चळवळीतल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे, की धर्माच्या आत राहून भांडणाऱ्या बायकाही तुमच्याच आहेत. त्यांना बाहेर पडायला सांगू नका, त्यांच्या मागं उभ्या राहा.

आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगणं आहे, की तुमच्याकडे रडत आलेल्या बाईला ‘प्रार्थना कर, परत जा’ एवढंच सांगून पाठवू नका. एका बाईला असं पाठवलं गेलं. कुठल्या मंडळीत ते मी सांगणार नाही. ती परत गेली आणि पुढच्या वेळी माझ्याकडे आली ती प्लास्टरमध्ये. प्रार्थना करा, जरूर करा, मीही करते. पण प्रार्थना झाली की तिला रिक्षात बसवून दवाखान्यात न्या आणि तिथल्या कागदावर मार कशानं लागला ते नीट लिहून घ्या. ‘पायरीवरून पडली’ असं लिहिलेला एक कागद पुढं दोन वर्षं कोर्टात आम्हाला नडतो.

या सरत्या वर्षाबद्दल थोडं. आपला जिल्हा शेतीचा, सोयाबीन, तूर, कापूस. 2006च्या पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भाचे सहा जिल्हे होते त्यात आपण होतो, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतही आहोत. सोयाबीन घरात आलं आणि भाव पडला की माझ्याकडे अर्ज वाढतात. कर्जाचा राग बायकोच्या पाठीवर निघतो. हे कारण समजून घ्यावं, पण त्याला सूट देऊ नये असं माझं मत आहे. कर्ज तिच्याही डोक्यावर असतं आणि ती कुणाला मारत नाही. ऊसतोडीला जाणारी घरं वयात आलेली मुलगी मागं कुणाकडे ठेवायची या धास्तीनं तिचं लग्न उरकतात. अशा लग्नाची बातमी लागली तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि 1098 हा क्रमांक कुणीही लावू शकतो, नाव न सांगता. यंदा एका पोरीचं लग्न असंच थांबलं, तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं फोन लावला म्हणून. ती सातवीआठवीतली मैत्रीण ख्रिस्ती नव्हती, कुठल्या चळवळीत नव्हती.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांचं काय? 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं इतर गावांनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल मराठीत मांडले ते 1857 साली. तेव्हापासून हेरवाडपर्यंत एकशे पासष्ट वर्षं गेली. आपल्या जिल्ह्यातल्या किती ग्रामसभांत हा ठराव पोचला? सातबाऱ्यावर त्या विधवेचं नाव वारस म्हणून चढलं का? तलाठ्याकडे तिच्याबरोबर कुणी गेलं का? कुंकू पुसू नये हे ठीकच, पण नाव चढलं पाहिजे. सलाफहादच्या मुलींनी मागितलं ते जमिनीतलंच नाव होतं.

पोटगीचा हुकूम झाला तरी पैसे येत नाहीत, ही यंदाची माझी सर्वांत मोठी काळजी आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं, की दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. फार चांगला निकाल. पण नवरा पुण्याला कंपनीत, पत्ता बदललेला, वॉरंट परत येतं, आणि बाई एसटीचं तिकीट काढून पुढच्या तारखेला पुन्हा हजर. कधी कधी ती येतच नाही. रोजंदारी बुडते, पोर आजारी असतं, सासरचे लोक कोर्टाच्या गेटवर उभे असतात. ती दोनतीन तारखांना आली नाही की अर्ज निकाली निघतो आणि गावात म्हणतात, ‘बघा, खोटाच होता.’

लूकच्या गोष्टीतली विधवा एकटी होती. तिच्याबरोबर कुणी गेलं असतं तर निकाल लवकर लागला असता का, हे मला नेहमी वाटतं. म्हणून या सभागृहातल्या सर्वांना, ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन, कुणीही असा, माझी एक विनंती आहे. जानेवारीपासून माझ्याकडच्या बायकांच्या तारखांना कुणीतरी सोबत यावं. वकील व्हायला नको, भाषण करायला नको. एसटी स्टँडवर तिला भेटायचं, गेटमधून तिच्याबरोबर आत यायचं, नावाचा पुकारा होईपर्यंत बाकावर शेजारी बसायचं, पोराला पाणी पाजायचं आणि संध्याकाळच्या गाडीत तिला बसवून द्यायचं. कोर्टात साधारण साडेदहा ते पाच एवढा वेळ जातो. पुरुषांनीही यावं, एखाद्या बाईच्या शेजारी चार भले पुरुष बसलेले दिसले की गेटवरची गर्दी आपोआप पांगते, हे मी पाहिलं आहे. मंडळीच्या पाळकांना मी परवाच विचारलं, ते दोन दिवस द्यायला तयार झाले. ज्यांना जमेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या टेबलाशी थांबावं. पहिल्या आठवड्यातल्या तारखा मी लिहून आणल्या आहेत.